मिलोचं वरीस, भूकंपाचं वरीस

आमच्या किल्लारीत म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं तर तो कधी सन सांगत नाही. शाळेच्या दाखल्यावर आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण नाव घालताना गुरुजींना कुठलीतरी तारीख लागायची. खरं वय धरलं जायचं ते गावावर आलेल्या संकटावरून. माझी आजी म्हणायची, "मानमोडीत मी परकर नेसायला लागले होते." मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. बापाचं लग्न रझाकाराच्या आदल्या वर्षी झालं. माझा जन्म मिलोच्या आधी बारा वर्सं. आणि आता गावात कुणाशीही बोला, प्रत्येक गोष्टीचे दोनच भाग पडतात, भूकंपाच्या आधीची आणि भूकंपाच्या नंतरची.

मी दहावीपर्यंत शिकलो, पुढं शेतीच केली. पण या गावावर पावसानं, गारांनी आणि खुद्द जमिनीनं काय काय आणलं, ते एका जागी लिहिलेलं मला कुठं सापडलं नाही. पंचनामे आहेत तेवढे. त्यात खण, गुंठे आणि रुपये लिहिलेले आहेत. म्हणून हा खटाटोप.

किल्लारी हे औसा तालुक्यातलं बाजाराचं गाव. तेरणेच्या अलीकडं आमचा लातूर जिल्हा, पलीकडं धाराशिव. जमीन काळी, खाली काळा खडक. पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर म्हणतात, पण सरासरीचा पाऊस मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिला. एक तर तो येतच नाही, नाहीतर चार दिवसांत येऊन जातो. हे आजचं नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ या मुलखात बारा वर्षं पडला होता असं सांगतात. दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार लुटवलं, ती कथा मंगळवेढ्याची असली तरी बेदर आमच्याच बाजूला, त्यामुळं कीर्तनात ती लागली की बायका डोळ्याला पदर लावायच्या. भुकेची गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

मी स्वतः पाहिलेला पहिला दुष्काळ १९७२ चा. त्याच्या आधीची दोन वर्षंही धड नव्हती, पण बहात्तरला खरीप वाळला आणि रब्बीची पेरणीच झाली नाही. मी बारा वर्षांचा होतो. घरातलं बळद रिकामं झालं तेव्हा आजी त्याच्यात उतरली आणि कोपरे झाडून सव्वा पायली ज्वारी काढली. त्यात मातीच जास्त होती. मग मिलो आला. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची आणि गिळताना घशाला लागायची. गावात बोलायचे की तिकडं हे जनावराला घालतात. खरंखोटं देवाला ठाऊक, आम्ही खाल्ला. आजही आमच्याकडं त्या सालाला बहात्तर कुणी म्हणत नाही, मिलोचं वरीस म्हणतात.

माय आणि बाप खडी फोडायला जायचे. सकाळी हजेरीपटावर नाव, मग दिवसभर हातोडा, संध्याकाळी ढिगाचं माप. सुकडी मिळायची, तिच्यासाठी आम्ही पोरं कामावर हजर. ती गोडसर लागायची आणि आम्हाला दुष्काळ म्हणजे सुकडी असंच वाटायचं. रस्ते झाले, नालाबंडिंग झालं, आमच्या शिवारात एक पाझर तलाव झाला. त्याच्या पाळूवर मायनं पाट्या टाकल्या. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना या दुष्काळानं राज्यभर उभी केली. १९७७ ला तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ साली दिल्लीनं तशीच हमी सगळ्या देशाला दिली. शहरातली माणसं त्या योजनेला नावं ठेवतात, रोजगार हमी म्हणजे बसून पैसे म्हणतात. त्यांनी एक दिवस उन्हात खडी फोडून बघावी.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बहात्तरला दाणा नव्हता, पण आडाला पाणी होतं. तळाला का होईना, चाळीस फुटांवर पोहरा बुडायचा. ही गोष्ट पुढं लागणार आहे.

आता आमच्या घरांबद्दल. ते समजल्याशिवाय भूकंप समजत नाही.

आमच्याकडं घर खणांत मोजायचे. पाच खणाचं, सात खणाचं, बारा खणाचा वाडा. भिंत दगड-मातीची, दोन-अडीच फूट जाड. बाहेरून एक दगडी थर, आतून एक आणि मधे चिपा-माती भरलेली. दोन्ही थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड क्वचितच घालायचे. चुना श्रीमंताला परवडायचा, बाकीच्यांना माती. वर लाकडाच्या तुळ्या, त्यावर सर, त्यावर किलचन, पाला आणि मग माळवदाची माती. मृगाच्या आधी दरसाल माळवदावर नवी माती टाकायची, गळू नये म्हणून. जुनी कुणी काढायचं नाही. आज्याच्या काळापासून माती चढत चढत दीड-दोन फुटांचा थर व्हायचा. उन्हाळ्यात असलं घर थंडगार. भिंत जाड म्हणून चोराला फोडता यायची नाही, रझाकारांच्या काळात लोकांना तिचाच आधार वाटला होता. रात्री माळवदावर झोपायचं, खाली ढाळजेत गप्पा मारायच्या. या घरांना नावं ठेवणारे इंजिनिअर नंतर बरेच आले. त्यांचं बरोबर होतं. पण ऊन, पाऊस आणि चोर या तीन गोष्टींसाठी ती घरं बांधलेली होती, आणि त्या तिन्हींना ती पुरून उरली होती. चौथ्या गोष्टीचं कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगितलं नव्हतं हेही पूर्ण खरं नाही. जमिनीनं सांगितलं होतं. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीला धक्के बसत होते. भांडी वाजायची, खालून गडगड आवाज यायचा. १८ ऑक्टोबरचा धक्का मोठा होता, भिंतींना भेगा गेल्या. लोक घरं सोडून बाहेर झोपले, झोपड्या घातल्या, गाव हलवा म्हणून मागणी झाली. पण त्या वेळच्या नकाशात आमचा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचा हा खडक म्हणजे देशातली सगळ्यांत स्थिर जमीन, असंच सगळे मानत होते. मग धक्के कमी झाले, थंडी पडली आणि माणसं हळूहळू आत झोपायला लागली.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक उशिरा घरी आले, दमून झोपले. माझी हायब्रीड ज्वारी काढणीला आली होती आणि रानडुकरं मागं लागली होती, म्हणून मी बायको-लेकरांसह आखाड्यावर होतो. लेकरं गावात मिरवणूक बघायची म्हणून रडत होती. बायकोनं त्यांना ओढत आणलं होतं. गावातल्या घरी माय, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं.

पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. वेळ नंतर पेपरात वाचली. मला आठवतं ते एवढंच की बैलांनी आधी दावी ताणली. मग खालून असा आवाज आला की कुणीतरी दगडांनी भरलेल्या शंभर गाड्या एकदम पळवतंय. मी बाजेवरून खाली पडलो. उभं राहता येईना. थांबलं तेव्हा पहिल्यांदा गावाकडं बघितलं. पौर्णिमेच्या आदली रात्र, चांदणं असायला पाहिजे होतं, पण गावाच्या जागी धुरळ्याचा ढग होता. त्यातून आवाज नव्हता. थोड्या वेळानं आवाज सुरू झाला, तो दिवस उजाडेपर्यंत ऐकला आणि मग एकेक कमी होत गेला.

गल्ल्याच राहिल्या नव्हत्या. आपलं घर कुठलं हे ओळखायला दारापुढचा लिंब शोधावा लागला. हातानं, खोऱ्यानं, टिकावानं, जे सापडेल त्यानं माती उपसली. पुष्कळांच्या अंगावर जखम नव्हती, नाकातोंडात माती होती. दगडानं जेवढे गेले तेवढेच मातीनं गेले. जिथं लाकडी खांबांचा सांगाडा धडधाकट होता तिथं भिंती बाहेर पडल्या आणि छत तरंगत राहिलं, माणसं वाचली. जिथं तुळ्या सरळ भिंतीत खुपसलेल्या होत्या तिथं भिंतीबरोबर सगळं माळवद खाली आलं. आमच्या घरात एक तुळई तिरपी अडकली. तिच्याखाली भाऊ आणि वहिनी सापडले. माय आणि दोन्ही पोरं मधल्या खणात होती.

सरणाला लाकूड नव्हतं. पडलेल्या घरांच्या तुळ्या आणि किलचनच जाळली. आमची सागाची तुळई बापानं दोन एकर रान गहाण ठेवून आणली होती, रान सोडवायला नऊ वर्सं लागली. तीच मायला लावली. एका सरणावर किती माणसं हे कुणी मोजलं नाही. वरून पाऊस सुरू झाला, रॉकेल ओतून विस्तव धरावा लागला. नंतर लष्कर आलं, मुख्यमंत्री शरद पवार आले, डॉक्टर आले, सगळ्या महाराष्ट्रातून ट्रक आले.

एका सरकारी हिशेबात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, दुसऱ्या मोजणीत साडेनऊ हजारांच्या वर. सास्तूर, होळी, सालेगाव, मंगरूळ, तळणी, राजेगाव, पेठसांगवी, ही नावं त्या आठवड्यात साऱ्या जगानं ऐकली. रिश्टरवर ६.४ चा धक्का. जगात याहून मोठे धक्के दरसाल कितीतरी बसतात आणि पुष्कळदा त्यांत मोजकी माणसं दगावतात. आमच्याकडं तो जमिनीच्या अगदी जवळ झाला, माणसं गाढ झोपेत असताना झाला, आणि डोक्यावर आज्या-पणज्यांनी चढवलेली माती होती.

पुढं शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचा लाव्हाचा थर ३३८ मीटरच निघाला, त्याखाली फार जुना खडक. गावाजवळच्या शेतांत जमीन उचलली गेली होती, ती बघायला परदेशातले लोक आले. तेरणेवरच्या माकणी धरणाच्या पाण्यामुळं हे झालं, असं आमच्याकडं अजूनही बोलतात. शास्त्रज्ञांत त्याबद्दल एकमत नाही आणि बरेच जण ही जमिनीच्या पोटातल्या जुन्या भेगेची करणी मानतात. २००२ साली देशाचा नकाशा बदलला, पहिला पट्टाच काढून टाकला आणि आम्ही तिसऱ्यात गेलो.

मदतीबद्दल वाईट बोलू नये. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास लेकरं शिकवायला नेली, त्यांतली कितीतरी आज चांगल्या नोकरीत आहेत. पण कपड्यांचं हसू यायचं. रस्त्याच्या कडेला ढीग पडले होते, त्यात थंडीचे कोट आणि कुणाच्या तरी लग्नातल्या सफाऱ्या. माझ्या रानातलं बुजगावणं दोन वर्सं सफारीत उभं होतं. पाखरं त्याला जास्त भ्यायची.

बावन्न गावं उठवून नव्या जागी बसवली. जागतिक बँकेचा पैसा आला. घर मिळालं जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत चारशे, त्याच्या वर साडेसातशे. मोठ्या घरांची ओळ वेगळी, लहान घरांची वेगळी. जुन्या गावात पाटलाच्या वाड्याला लागून सालगड्याचं घर होतं आणि भावकी एका बोळात राहायची. नव्या गावात सख्खे भाऊ दोन टोकांना गेले. रस्ते असे रुंद की या घरातून त्या घरात हाक जात नाही. बैल कुठं बांधायचे, कडबा कुठं रचायचा, याचा नकाशा काढणाऱ्यानं विचार केलेला नव्हता. बायकांना ढाळज गेल्याचं दुःख जास्त. पण भिंतीत लिंटेलला पट्टा आहे, कोपऱ्यात सळई आहे, आणि तीस वर्सांनंतरही ती घरं उभी आहेत. जुन्या गावाच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. ३० सप्टेंबरला तिथं पोलीस हवेत बार काढून मानवंदना देतात. पहिल्या बाराला म्हातारी माणसं अजून दचकतात.

त्यानंतरची संकटं लोकांना लहान वाटतात. मला तसं वाटत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली. ज्वारी हुरड्याच्या पुढं गेलेली, हरभरा काढून पडलेला, आंब्याला कैऱ्या. अर्ध्या तासात रान पांढरं झालं आणि बांधावर साळुंक्या मरून पडल्या. पंचनाम्याला आलेल्या माणसानं बांधावर उभं राहून विचारलं, "नुकसान किती टक्के लिहू?" मी म्हटलं, "साहेब, आत येऊन बघा." तो म्हणाला, "चिखल आहे." माझ्या दोन एकरांचे किती आले ते लिहीत नाही, बियाण्याची एक थैली आली असती.

मग दुष्काळ. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी झाली. तिचं नाव जलदूत. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. दुकानात धान्य होतं, रेशनला गहू-तांदूळ होता, उपाशी कुणी नव्हतं. पण बोअर सातशे फुटांवर फुफाटा ओकत होतं. चाळीस फुटांवरून सातशे फुटांवर पाणी गेलं ते दुष्काळानं नव्हे. मधल्या काळात आम्ही मोटारी बसवल्या, उसाला पाणी पाजलं आणि बोअरवाल्यांच्या गाड्या रात्रंदिवस फिरत राहिल्या. हे बोललं की गावातले उसवाले माझ्यावर रागावतात. रागावू देत, पाणी कुठं गेलं हे त्यांनाही ठाऊक आहे.

आता पाऊस उलटा झालाय. १४ ऑक्टोबर २०२० ला सोयाबीनच्या बनिमी वाहून गेल्या. २०२१ च्या सप्टेंबरात गुलाब नावाचं वादळ आंध्राच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याचा पाऊस इथं मराठवाड्यात पडला. समुद्र आम्ही चित्रात पाहिलेला, त्याचं वादळ आमच्या रानात. २०२५ च्या सप्टेंबरात तर तेरणा, मांजरा दोघीही पात्र सोडून रानात शिरल्या. पीक जातं ते एका सालाचं. त्या वेळी मातीच गेली. माझ्या नदीकडच्या पट्टीत फूटभर काळी माती होती, तिथं मुरूम उघडा पडला.

धाकटा मुलगा म्हणतो, घरावर दुसरा मजला चढवू, सून लातुरात वाढलेली आहे, तिला खोल्या पुरत नाहीत. मी म्हटलं, चढव, पण आधी इंजिनिअरला दाखव. गवंडी म्हणाला, "काका, आता कुठं होतोय भूकंप? खालची भिंत मजबूत आहे, चार इंच वीट लावून उरकून टाकू." गवंडी तीस वर्सांचा. मी त्याला परत पाठवला. सून महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. काम अजून अडलेलंच आहे. मी स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपतो, माझ्या वयाचे गावात बरेच जण तसेच झोपतात.

खरडलेल्या पट्टीसाठी या उन्हाळ्यात गाळ आणतोय. मिलोच्या वर्षी झालेल्या त्या पाझर तलावातला. पन्नास वर्सांचा गाळ आहे, काळा, लोण्यासारखा. पाळू एवढ्या पुरातही फुटली नाही. साठ ट्रॉल्या झाल्या, अजून तेवढ्याच लागतील, मृग लागायच्या आत.